भट्टीचा वास

९ एप्रिल

दादांस नमस्कार.

अकरा वर्षांनी माझं अक्षर पाहून हे पत्र चुलीत घालावंसं वाटेल. घाला, पण वाचून घाला.

हिवाळ्यात मला ताप आला. ताप गेला, पण जाताना नाक घेऊन गेला. म्हणजे नाक जागेवर आहे, दाढी करताना रोज दिसतं. वास मात्र कशाचाच येत नाही. परवा दूध उतू जाऊन भांडं करपलं, शेजारीण धावत आली, आणि मी शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत बसलेलो. डॉक्टर म्हणतात, परत येईल. कधी, ते त्यांनाही सांगता येत नाही. तुमच्याखेरीज हे बाहेर कोणालाही सांगितलेलं नाही. गुलाबाचं तेल काढणाऱ्याला वास येत नाही हे बाजारात कळलं तर उद्यापासून माझ्या हातचं पाणीही कोणी विकत घेणार नाही.

यंदा फूल भरघोस आलं. तेल काढून झालं आहे. आता प्रश्न भट्टीच्या वासाचा. तुमच्या वडिलांनीच मला शिकवलं, तुम्हाला मी काय सांगणार? ताज्या तेलाला तो करपट वास असतोच, ओल्या राखेसारखा. बाटलीच्या तोंडाला फडकं बांधून ठेवलं की आपोआप उतरतो. पण एखाद्या साली पंधरा दिवसांत, एखाद्या साली दोन महिन्यांत. उतरला की नाही, हे नाकाशिवाय कोण सांगणार? मेच्या मध्याला अत्तराचे पेढीवाले माल मागतात. त्याच्या आत मला कळायला हवं.

एक बाटली पाठवतो. हुंगून दोन ओळी लिहा. बाकी आपलं जे काही आहे ते आहे.

आपला,
जावई म्हणायचं असलं तर जावई


१६ एप्रिल

जावईबापू,

देवाच्या काठीला आवाज नसतो असं ऐकत आलो होतो. तुमच्या पत्रात तो ऐकू आला.

तुम्ही आमच्याकडे काम शिकायला आलात तेव्हा तुमच्याकडे एक पत्र्याची पेटी होती. गेलात तेव्हा बरोबर आमची तेल काढायची तांब्याची डेग होती आणि आमची धाकटी बहीण होती. डेगीचं दुःख मी केव्हाच सोडलं. मी आता छोट्या भांड्यावर पुदिन्याचा अर्क काढतो, औषधवाले नेतात, पोट भरतं. धाकटीचं मात्र सुटत नाही.

आमच्या घरात नाकं सगळ्यांनाच होती, पण खरं नाक तिचं. वडील तिच्यापुढे बाटली धरायचे आणि ती डोळे मिटून सांगायची, "ही फुलं उन्हं चढल्यावर तोडलीत." त्या नाकावर तुम्ही पेढीवर नाव काढलंत. तिला उभं केलंत बिनखिडकीच्या खोलीत, कारण खिडकी असली की वास बाहेर जातो आणि शेजारी शहाणे होतात, असं तुम्ही म्हणायचात. दोन हिवाळे ती खोकत होती. मला एक ओळ नाही. मी आलो तेव्हा तिला नेऊन तुमचं अंगण धुऊन वाळलेलंसुद्धा होतं.

त्या दिवशी मी तुमच्या अंगावर हात टाकला नाही, कारण पोरगी तुमच्या पायाला बिलगून उभी होती. तिच्या डोक्यावर हात ठेवून तुम्ही मला वचन दिलंत की हिला भट्टीच्या दारात उभं करणार नाही. तेवढं तरी पाळलंत ना?

बाटली पाठवू नका. मी हुंगणार नाही.


२५ एप्रिल

दादा,

बाटली पाठवली आहे. लाकडाच्या भुशात नीट बांधली आहे. तुम्ही नाही म्हणालात, तरी पाठवली. नाक मुठीत धरून विनंती करतो असं लिहिणार होतो, पण मुठीत धरायला तरी ते कामाचं हवं.

वचन पाळलं आहे. ठिणगी शिकायला बाहेरगावी असते. भट्टीवर मी माणूस ठेवलं आहे. होतकरू आहे, पण डोक्याला ताप. रोज उठून एकच टकळी, "अजून उतरला नाही, थांबा, अजून थांबा." कालची पोरं, आणि मला थांबायला शिकवतात! खरं खोटं मला कळत नाही, हीच तर गोची आहे. त्या माणसाचं ऐकून थांबलो आणि वास उतरलेला असला, तर पेढीवाल्यांची तारीख हुकली. न ऐकता माल दिला आणि उतरलेला नसला, तर सगळंच हुकलं. पेढीवाले एकदा दार लावतात, पुन्हा उघडत नाहीत.

धाकटी गेली त्याचा मला काय आनंद झाला? तिच्यामागे मी दुसरं घर मांडलं नाही, हेही कधी धरा हिशेबात.

तुमचं नाक तुमच्या वडिलांचं आहे. ते सांगेल तसं करीन.


१ मे

जावईबापू,

सकाळी देवापुढे बसलो होतो. उठल्यावर मन निवळलं. आलेली वस्तू परत पाठवणं बरं नाही, म्हणून बाटली उघडली.

तेल उत्तम आहे. आमच्या वडिलांच्या हातचं आठवलं. भट्टीचा वास पार उतरला आहे. यापुढे ठेवलंत तर फुलाचा वरचा हलका वास उडायला लागेल आणि पस्तावाल. तुमचा तो माणूस कोण असेल तो असो, होतकरू पोरांना थांबण्यात शहाणपण वाटतं. त्याचं ऐकू नका. आजच माल बांधा.

मागचं सगळं देवावर सोडू.


१ मे

नवसागरा,

तुझी स्वारी सध्या कोणाच्या भांड्यांना कल्हई करत फिरते आहे कोण जाणे, म्हणून हे पत्र तुझ्या घरच्या पत्त्यावर टाकतो. लहानपणापासून तुझ्यापासून काही लपवलं नाही, हेही लपवत नाही.

जावयाचं नाक गेलं. त्यानं मला तेल पाठवून विचारलं, भट्टीचा वास उतरला का? मी बाटली उघडली. उतरलेला नाही, नवसागरा. राखेचा भपकारा आला. महिनाभर तरी लागेल. पण त्या राखेच्या मागे जे आहे ते मी धाकटी गेल्यापासून हुंगलं नव्हतं. पहाटेची, दव न झटकलेली फुलं, मंद आच, कुठे घाई नाही. महिनाभर फडक्याखाली ठेवलं तर पेढीवाले ते डोक्यावर घेऊन नाचतील.

आणि बुचाची गाठ! दोन वेढे आणि एक उलटा फास, तशी गाठ फक्त धाकटी बांधायची. या गृहस्थानं तिची गाठसुद्धा आपल्या नोकराला शिकवली. ती पाहिली आणि मनात जी काही दया होती तीही आटली.

मी लिहिलं, वास उतरला, आजच माल बांधा.

तू हसशील. म्हणशील, महाराज, रोज माळ ओढता आणि हे काय? अरे, गाडाभर फुलं उकळली की बोटभर तेल निघतं. माझ्या अकरा वर्षांचं हे एवढं निघालं. त्याला ज्या नाकानं मोठं केलं त्याच घरचं नाक त्याला बुडवणार. पत्र पेटीत टाकलं आणि परत येताना बाजारातून स्वतःसाठी पेढे घेतले. कित्येक वर्षांत घेतले नव्हते.


१३ मे

महाराज,

तुमचे पेढे घशात अडकोत. पत्र आजच हातात पडलं. मी महिनाभर फिरतीवर होतो, आणि कुठे होतो ते ऐका. तुमच्या जावयाच्या गल्लीत! त्याची डेग, म्हणजे तुमचीच डेग, कल्हईला आली होती. आधी त्याच्या भट्टीवर कोण आहे ते तरी विचारायचं होतंत. मला विचारलं असतंत तरी सांगितलं असतं. पण नाही, तुम्ही नुसती गाठ बघितली आणि पेटलात.

गाठ नोकराला नाही शिकवली रे बाबा. आईनं लेकीला शिकवली.

भट्टीवर ठिणगी आहे. बाहेरगावी वगैरे सगळ्या थापा. एकोणीस वर्षांची झाली, अगदी आईचा तोंडवळा. त्याच बिनखिडकीच्या खोलीत उभी असते. मी डेगीला नवसागर लावला तशी दारातूनच म्हणाली, "काका, कथील कमी अस्सल वाटतंय यंदा." वासावरून! खोटं कशाला बोलू, खरंच भेसळीचं मिळालं होतं.

तिनं बापाशी बोली केली आहे. यंदाचा माल पेढीवर वाखाणला गेला की बाप तिथं तिचं नाव सांगणार. मग ती त्या खोलीतून बाहेर पडणार आणि स्वतःची भट्टी लावणार, खिडक्यांची. वर्षभर तिनं त्यासाठी जीव काढलाय. बाप म्हणतो, लवकर माल देऊ. ती म्हणते, थांबा. शेवटी काय ठरलं माहीत आहे? "मामाला विचारा. मामा सांगेल ते खरं." हे तिनं सांगितलं, बापानं नाही.

आता पत्र लिहीत बसू नका. तार करा.


तार, १३ मे

माल थांबवा. वास उतरला नाही. पत्र मागाहून.


२० मे

दादा,

तुमची तार आली. माल आदल्या दिवशीच पेढीवर पोहोचला होता.

पेढीवाल्यांनी कागदाची पट्टी तेलात बुडवली, हुंगली, कारकुनाकडे दिली. तो शिंकला. पेढीवाले म्हणाले, "यंदा सरपणाचं अत्तर काढलंत वाटतं?" हमालसुद्धा हसले. मग माझ्या देखत सगळ्या बाटल्या मोरीत ओतायला लावल्या. वर म्हणाले, "पाणी जास्त टाका रे, मोरी करपेल."

तुम्ही मुद्दाम केलंत हे मला तार वाचून कळलं. शाबास. रोज देवापुढे बसणाऱ्यानं इतकं निवांत खोटं लिहावं, हे मला नाही जमलं असतं. माझं खोटं घाईचं असतं.

तुमचं नाव तिथं घेता आलं असतं. पण मग लोकांनी विचारलं असतं, बुवा, तुम्ही दुसऱ्याच्या नाकानं का धंदा करता? म्हणून मी पोरीचं नाव घेतलं. होय, ठिणगी भट्टीवर होती. नवसागरनं एव्हाना तुम्हाला सांगितलं असेलच, त्याच्या पोटात काही राहत नाही. मी भर पेढीवर सांगितलं, पोरीनं आच वाढवली, पोरीनं माल जाळला, मी नव्हतो. पेढीवाले म्हणाले, यापुढे तिचा हात लागलेली बाटली या दारात आणू नका. बाकीच्या पेढ्यांवरही संध्याकाळपर्यंत पोहोचलं.

माझं पुढच्या वर्षी बघता येईल. मुलीच्या जातीला कुठे पेढ्या चढायच्या असतात? तिचं नुकसान झालं असेल तर ते आपण दोघांनी मिळून केलं. तेवढं एक काम आपण दोघांनी मिळून केलं म्हणायचं.


२४ मे

चि. ठिणगीस आशीर्वाद.

पोरी, मला तू शेवटची दिसलीस तेव्हा माझ्या कमरेएवढी होतीस. तू भट्टीवर आहेस हे मला ठाऊक नव्हतं. देवाशपथ नव्हतं.

माझं वय झालं. पुदिन्याच्या उग्र वासात दिवस काढून नाक बोथट होतं. तुझी बाटली उघडली तेव्हा माझा अंदाज चुकला. चूक लक्षात आल्यावर तार केली, पण उशीर झाला.

तू माझ्याकडे ये. इथे जागा आहे, उजेड आहे, हवा आहे. भांडं लहान आहे, आपण मोठं घडवून घेऊ. तुझ्या आईचं एक सोवळ्यासारखं जपलेलं फडकं माझ्याकडे आहे, बाटलीच्या तोंडाला बांधायचं. ते तुझं आहे.

तुझा मामा


२ जुलै

मामांस,

लहानपणी मी तुम्हाला "अरे मामा" म्हणायचे. आता लिहायला घेतलं तर हात "अहो"कडे वळतो. राहू दे तसंच.

तुमचं पत्र मिळालं होतं. उत्तराला उशीर केला, कारण तेल तयार व्हायचं होतं.

ज्या दिवशी पहिलं तेल निघालं त्या दिवशी मी त्यातलं थोडं बाजूला काढलं. तीन लहान बाटल्या भरल्या. एक बाबांनी तुम्हाला पाठवली. दुसरीच्या तोंडाला फडकं बांधलं आणि माझ्या झोपायच्या खोलीतल्या कोनाड्यात ठेवली. तिसरीला घट्ट बूच मारलं आणि ट्रंकेत टाकली. आई असंच करायची. म्हणायची, दोन्ही ठेवावं, बुचातला वास तसाच राहतो, म्हणजे उतरला की नाही ते ताडून बघता येतं.

पेढीवर जे झालं त्यानंतर बाबा मला म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." मी भट्टीचं दार ओढून घेतलं आणि किल्ली त्यांच्या ताटाशेजारी ठेवली. ते म्हणाले, "जेवायला तरी वाढ." मी म्हटलं, "वाढलंय. वास नाही का आला?"

मागच्या महिन्यात फडक्याच्या बाटलीचा वास उतरला. मी ती घेऊन पेढीवर गेले. दरवान आत सोडेना. म्हणाला, "तूच ती जाळणारी ना?" मी म्हटलं, "हो, मीच ती. आत सांगा, जळलेलं बघायला बोलवा." पेढीवाले गंमत म्हणून बाहेर आले. पट्टी बुडवली. हुंगली. परत हुंगली. मग खाली बसले. तेवढ्यात कोणीतरी बाबांना कळवलं असणार, ते धापा टाकत आले. "माझा माल आहे, हिनं चोरून आणलाय!" भर पेढीवर.

पिशवीत आणखी एक बाटली मी घेऊनच गेले होते. ती बाबांच्या हातात दिली. म्हटलं, "तुमचा माल असेल तर तुम्ही ओळखाल. बघा, हा की तो?" बाबांनी डोळे मिटून लांब श्वास घेतला, अगदी आई घ्यायची तसा. म्हणाले, "हाच. हाच अस्सल. माझ्या हातचा."

पेढीवाल्यांनी ती बाटली त्यांच्याकडून घेतली, नाकाशी नेली, थांबले. मग पेल्यात ओतली आणि सगळ्यांसमोर पिऊन टाकली. नळाचं पाणी होतं ते.

कोणी हसलं नाही, मामा. त्या दिवशी हमाल हसले होते ना, त्यांनीही खाली बघितलं. बाबा दारापर्यंत कसे गेले ते मी पाहिलं नाही. पाहायचं नव्हतं म्हणून नाही. मला सुख होत होतं, आणि ते माझ्या तोंडावर दिसू नये म्हणून.

आता मी पेढीवर आहे. येणारा माल हुंगून घ्यायचा की परत पाठवायचा, ते मी ठरवते. खोलीला दोन खिडक्या आहेत. त्या उघडता येतात की नाही, हे मी आधी पाहिलं आणि मगच हो म्हटलं.

तुमच्याकडे मी येणार नाही. आईचं फडकं असू द्या तुमच्याजवळ. माझं काम माझ्या फडक्यानं झालं.

तुमचं पत्र मी फार वेळा वाचलं. त्यात तुम्ही लिहिलंय, अंदाज चुकला. नवसागर काका पुढच्या फिरतीला आले तेव्हा मी फक्त विचारलं, "मामांचं नाक खरंच बोथट झालंय का हो?" ते भांडं घासत राहिले. आणि तुम्हाला माहीत आहे, त्यांच्या पोटात काही राहत नाही. तुम्ही त्या पहिल्या पत्रात त्यांना काय काय लिहिलंत, पहाटेची फुलं, मंद आच, कुठे घाई नाही, ते सगळं त्यांना पाठ होतं. माझ्या कामाचं तितकं नेमकं कौतुक अजून कोणी केलं नाही. ते तुम्ही केलंत आणि त्याच दिवशी ते मोरीत घालायला सांगितलंत.

तुम्ही आईसाठी केलंत, असं काका म्हणाले. असेल. आईसाठी बाबांनीही पुष्कळ केलं म्हणतात.

बाबांचा हिशेब माझ्यापुरता मिटला. तुमचा मिटत नव्हता. बाबांना वास येत नव्हता, मामा. तुम्हाला येत होता.

यासोबत तिसरी बाटली पाठवते आहे, बुचाची. निघाल्या दिवसापासून बंद आहे, एकदाही उघडलेली नाही. तेल तेच, भट्टी तीच, हात तोच. गाठ आईची आहे, मीच बांधली आहे. सोडा आणि हुंगा.

वास उतरला का, ते कळवा. मला माहीत आहे. तुम्ही काय लिहिता, ते बघायचं आहे.

ठिणगी